निराधार वृद्धांचे साहाय्य

सन १९६० नंतरच्या दशकात बारामती तालुक्यात अवर्षण पडले, तेव्हा ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘कासा’ ह्या साहाय्यसंस्थेकडून धान्य आले व ते पाझर तलाव खोदणाऱ्या मजुरांस मजुरीदाखल देण्यात आले. उपाय उत्तम होता. पोटास अन्न मिळाले आणि मुरलेल्या पाण्याने विहिरींसही आधार झाला. परंतु ज्याच्याने कुदळ उचलवत नाही त्याने काय करावे? हा प्रश्न बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर आजही उभा आहे.

सणाच्या दिवशी एक कांबळे देऊन आपण संतोषाने घरी परततो. कांबळ्याने ऊब येते खरी, पण चूल पेटत नाही. श्रावणबाळ योजनेखाली ६५ वर्षांवरील निराधारांस सरकार निवृत्तिवेतन देते. २०२३ साली ते दरमहा १५०० रुपये झाले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. अर्ज तहसील कचेरीत. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. इतकी पायपीट निरक्षर आजीने एकटीने कशी करावी? जन्मभर खुरपे धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे कित्येकींचा ठसाही यंत्रावर उमटत नाही.

तरी आमची उपदेशक बंधूंस विनंती की, कोणाचा अर्ज राहिला, कोणाचे वेतन अडले, हे त्यांनी घरोघर विचारावे. जातधर्म विचारू नये. लिहिता येते त्याने अर्ज लिहावा, तरुणाने सोबत जावे. पंच्याहत्तरी उलटलेल्यांस २०२२ पासून एस.टी.त भाडे पडत नाही. सोबत्याचे मंडळीने द्यावे. आणि निघण्यापूर्वी आजीस भाकरी खाऊ घालावी, कारण कचेरीत रांग लांब असते.