तिसऱ्याला वगळून

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या कथनानुसार, तीन माणसे एकत्र असताना दोघांनी तिसऱ्याला वगळून आपसांत कुजबुजण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली, कारण त्यामुळे तो तिसरा दुःखी होतो. (बुखारी, मुस्लिम)

स्पष्टीकरण

या मनाईचे कारण लक्षात घ्या. ते दोघे तिसऱ्याची निंदाच करीत असतील असे नव्हे. बोलणे अगदी साधेही असेल. तरीही तिसऱ्याच्या मनात शंका येते, ‘मी यांना नकोसा आहे का?’ इस्लामने ही वेदना क्षुल्लक मानली नाही.

आता ही शिकवण आपल्या मुलांच्या मोबाईलला लावून पाहा. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. मधले थोडे दिवस सोडले, तर राज्याच्या शहरी भागांत आठवीपासूनचे वर्ग पुन्हा भरण्यास ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला. त्या काळात वर्ग घरोघरी आला. पण सर्वांकडे सारखा आला नाही. उल्हासनगरात ज्या घरी जीन्सची शिलाई चालते, तेथील मुलगी उत्तर येत असूनही मशीनच्या आवाजाच्या संकोचाने माइक बंद ठेवते. अंबरनाथच्या एका खोलीत तीन भावंडांत एकच फोन असतो. बदलापूरहून वडील लोकलने कामावर निघाले की घरातील एकुलता फोनही त्यांच्याबरोबर जातो.

आज शाळा भरतात. परंतु गृहपाठ, शिकवणी आणि मैत्री बरीचशी ग्रुपवरच चालते. एखाद्याला वगळून निराळा ग्रुप काढला जातो, त्याच्या छायाचित्रावर हसू होते. ही आजची कुजबुज आहे. मग ते मूल जेवत नाही, रात्री जागते, वर्गाची वेळ होताच पोट दुखते म्हणते. आपण मात्र म्हणतो, ‘अभ्यास टाळतो आहे.’

सूरह नम्लमध्ये (२७:२०-२२) हजरत सुलैमान (अलै.) यांचा प्रसंग आला आहे. जिन्न, मानव आणि पक्षी यांचे विशाल सैन्य त्यांच्यापुढे होते. तरीही एक हुदहुद दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. ते नाराज झाले. पण त्याने योग्य कारण दिल्यास शिक्षा होणार नव्हती. हुदहुद आला, त्याचे ऐकून घेतले गेले आणि सबा देशाची वार्ता कळली. हजेरीत जो दिसत नाही, त्याची विचारपूस करणे आणि निर्णयापूर्वी त्याचे ऐकणे ही पैगंबरांची रीत आहे.

बोध

१. पालकांनो, ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नाआधी ‘आज कोणाशी बोललास?’ हे विचारा. भीती व निद्रानाश टिकून राहिल्यास डॉक्टरांना दाखवा. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क आहे. उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

२. विद्यार्थ्यांनो, ज्याचे नाव ग्रुपमध्ये नाही त्याला गृहपाठ तुम्ही स्वतः कळवा. कोणाची थट्टा करणारे चित्र पुढे पाठवू नका. सूरह हुजुरातने (४९:११) उपहास निषिद्ध ठरविला आहे.

३. मशिदीच्या जबाबदार मंडळींनो, असर ते मगरिब एखादी खोली अभ्यासासाठी उघडी ठेवा. ज्याच्या घरी निवांत कोपरा नाही, त्याला तो अल्लाहच्या घरात मिळू द्या.

अल्लाह आपल्याला वगळलेल्यांची आठवण ठेवणारे बनवो. आमीन.