दुखणारे सांधे : प्रत्येक वेळी वातच नसतो

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते. वाचन संपल्यावर जमिनीवरून उठताना भगिनी काय करतात ते पाहा. एक हात फरशीला, दुसरा शेजारणीच्या खांद्याला, आणि तोंडून "आई गं!" विचारले की उत्तर ठरलेले : "वात आहे, बाई." मग मेडिकलमधून सुटी गोळी, नाहीतर बाजारातली वाताची पुडी. चिपळूणच्या वस्त्यांत आम्ही हे घरोघरी ऐकतो. पण यातले काही दुखणे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे असते, आणि तो विचारच कोणी करत नाही.

ड जीवनसत्त्व, म्हणजे लॅबच्या कागदावरचे व्हिटॅमिन डी, कमी असेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडे मऊ पडतात. दुखते सांध्यात असे वाटते, पण मूळ हाडात असते. कंबर, मांड्या, बरगड्या ठणकतात. नडगीवर अंगठा दाबला तरी कळ येते. उकिडवे बसले की उठवत नाही, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही. सांध्यावर सूज मात्र सहसा नसते.

सकाळी तासभर बोटे आखडत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. तिथे जीवनसत्त्वाची गोळी पुरणार नाही, डॉक्टरच हवा. तळपायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर बी-१२ तपासावे. पुण्यात ४४१ पुरुषांच्या तपासणीत ६७ टक्के जणांचे बी-१२ कमी निघाले होते. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. बी-१२ मासे, मटण, अंडी, दूध यांतूनच मिळते. २०१५ पासून राज्यात बैलाचे मांस बंद झाले आणि गरिबाच्या ताटातला एक स्वस्त घास गेला, हेही इथे सांगायला हवे. वर्षावासात मांसाहार सोडणारी घरे आहेत. ज्याची त्याची इच्छा. पण मांस-मासे सर्वांनाच बंद करण्याची देवदत्ताची मागणी तथागतांनी मान्य केली नव्हती. सोडायचेच असेल तर दूध, ताक, अंडे तरी ताटात ठेवा.

कोकणात ऊन कमी कसे, असे कोणी विचारील. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले. १ जूनपासून मासेमारीही बंद, म्हणजे ड जीवनसत्त्व देणारे बांगडा-तारली ताटातून जातात. एरवीही खेर्डीच्या एमआयडीसीत पाळी करणारी बाई उजाडताना आत जाते आणि ऊन उतरल्यावर बाहेर येते. वस्तीत घराला घर चिकटलेले, अंगण नाही. काचेतून आलेले ऊन कामाचे नाही. सकाळी दहा ते दुपारी तीनमधले ऊन हात-पाय उघडे ठेवून घ्यावे लागते, आणि सावळ्या कातडीला गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पोरी काळ्या पडतील म्हणून त्यांना उन्हातून आत ओढणाऱ्या आयांना आम्ही हेच सांगतो. रंगाचा हा धाक आपला नव्हे, लादलेला आहे.

नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम, पण ड जीवनसत्त्व नाही. नुसत्या भाकरीवर भागत नाही.

दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडते. वाताच्या पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले सापडते. त्याने दोन दिवस बरे वाटते आणि हाडे आणखी ठिसूळ होतात.

ड जीवनसत्त्वाची तपासणी खासगीत महाग पडते. आधी कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा. डॉक्टरांना दुखणे नीट सांगा : कुठे, कधीपासून, उठता येते का. कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज या साध्या रक्ततपासण्यांवरूनही अंदाज येतो. अहवालात ड जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ते कमी समजतात. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. आठवड्यातून एकदाच. लवकर बरे वाटावे म्हणून रोज घेऊ नका. जास्त झाल्यास रक्तात कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. मुतखडा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

गरोदर सुनेला सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या फुकट मिळतात, त्यांत ड जीवनसत्त्वही असते. चौथ्या महिन्यापासून रोज दोन, बाळंतपणानंतरही सहा महिने. अनेक घरांत या गोळ्या फळीवर तशाच पडून असतात. त्या जेवणानंतर द्या, आणि लोहाच्या गोळीबरोबर नको. दोन्हींत दोन तासांचे तरी अंतर ठेवा.