सुपर कबला शेपटीचे चाक कोणते?
प्रश्न : नदीकाठच्या गोट्यांवर उतरणाऱ्या पायपर सुपर कबला शेपटीचे कोणते चाक बसवावे?

उत्तर : अलास्कात अशा विमानांवर स्कॉट ३२०० पद्धतीचे, हवा भरलेल्या ८ इंची टायरचे चाक रुळलेले आहे. गोटे-वाळू रोजचीच असेल, तर मोठा फोर्क लावून जाड, मऊ टायर बसवावा. तो सहसा रुतत नाही, सांगाड्याला हादरेही कमी बसतात. मात्र वजन अगदी मागच्या टोकाला वाढते आणि गुरुत्वमध्य मागे सरकतो. वजन-समतोलाचा हिशेब पुन्हा मांडल्याशिवाय उड्डाण करूच नये.

उतरताना चाक थरथरत असेल, तर खरेदीआधी पट्ट्यांची स्प्रिंग तपासावी. ती बसली, की चाकाच्या खुंटीचे वरचे टोक पुढे झुकते आणि थरथर सुरू होते. तिथे महागडे चाकही उपयोगी पडत नाही.