दुधाचे दात पडणारच, मग काळजी कशाला?

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची आहे. रात्री दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपते. वरच्या दातांवर हिरडीलगत पांढरे पट्टे दिसतात. सासूबाई म्हणतात, ‘दुधाचे दात, पडणारच आहेत.’
— एक आई, उमरेड

उत्तर : घाबरू नका, पण चालढकलही नको. दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. पक्क्या दातांची जागा त्याच राखतात. खडूसारखे पांढरे पट्टे ही बहुधा किडीची पहिली खूण. या टप्प्यावर ती थोपवता येते.

रात्रीची बाटली बंद. फारच रडली तर साधं पाणी द्या. सकाळी आणि झोपण्यापूर्वी तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट घेऊन, वरचा ओठ उचलून, तुम्हीच ब्रश करा.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे एकदा दाखवा. गाल सुजला किंवा हिरडीवर पू दिसला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.