पहारा चुकविणारा सोबती

आमच्या कोल्हापूर भागात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. आणि या साऱ्यांच्या जोडीने चालतो तो विण्याचा पहारा. वीणा खाली ठेवायचा नाही, नाम खंडू द्यायचे नाही, हा नेम. 7 दिवसांचे तास होतात 168. 2 तासांचा पहारा धरला तर 84 पाळ्या. पाळ्या फळ्यावर लिहिल्या जातात खऱ्या. पण रात्री 2 ची पाळी ज्याची, तो कधीकधी येतच नाही. मग 12 पासून उभा असलेला माळकरी 4 वाजेपर्यंत तसाच उभा राहतो. वीणा खाली येत नाही, म्हणून गावाला काही कळतही नाही.

अनर्थ होतो तो इथेच. चुकाराचे काम दुसऱ्याने निमूटपणे उरकले की चुकार म्हणतो, "माझ्यावाचून काय अडलं?" आणि उभा राहणारा मनात कुढतो. एकदोन वर्षे तो सोसतो. पुढे तोही नाव देत नाही. म्हणजे आळशी माणूस सुधारत नाही तो नाहीच, वर कामसू माणूस मात्र हातचा जातो.

गुऱ्हाळावर असे झाकले जात नाही. चुलवाणात चिपाड घालणारा पेंगला, की काहिलीकडे बघूनच गुळव्याला कळते. पैऱ्यातही आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, असा दिवसाला दिवस फेडायचा असतो. चुकवील त्याच्या शेतावर पुढे कोणी जात नाही. सप्ताहात ना गूळ बिघडतो, ना फेड मागता येते. म्हणून तिथे तोंडाने सांगावेच लागते.

सांगावे कसे? आधी कारण पुसावे. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजणारा शेतकरी रात्री 2 ला देवळात कसा येणार? त्याला आळशी म्हणणे अन्याय होय. त्याची पाळी दिवसाची करावी. दुसरे, "सप्ताहाकडं जरा बघा" असे मोघम काम कोणालाच देऊ नये. मोघम काम सगळ्यांचे, म्हणून कोणाचेच नव्हे. नाव, वार, वेळ ठरवून द्यावी. तिसरे, एका पाळीला दोघे नेमावेत, एक नेमाचा आणि एक नवखा; आणि आधीच्या पाळीवाल्यांपैकी एकाने पुढच्यांना उठवायला जावे.

एवढे करूनही कोणी चुकलाच, तर त्याच दिवशी, एकट्याला गाठून, टोमणा न मारता म्हणावे, "काल तुम्ही आला नाहीत, मागच्याला 4 तास उभं राहावं लागलं. आज येताय ना?" कर्ण्यावरून नाव पुकारू नये, लाजलेला माणूस काम करीत नाही, तो देवळाकडे यायचाच बंद होतो. आणि ज्याने जादा पहारा दिला त्याने सकाळी चालकांना तसे सांगावे. ही चहाडी नव्हे. न सांगितले तर चालकांना समजणार तरी कसे?

इतक्यावरही जो येत नाही, त्याची पाळी पुढल्या वर्षी दुसऱ्याला द्यावी. त्याचे काम काढावे. कीर्तनातली जागा आणि महाप्रसादाची पंगत काढू नये. पंगतीत बसलेला माणूस कधीतरी आपण होऊन वाढायला उठतो, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

रामकृष्ण हरी.