कायानुपस्सना : साडेतीन हात देहाचे अवलोकन

विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे डोळे मिटून बसावे असे सुचविले, की आपल्याच बांधवांकडून एक प्रश्न हमखास येतो : 'डोळे मिटून बसल्याने अन्याय मिटतो काय?' प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेला तंटा दाखविला. असा धम्म गुहेत जाऊन बसण्यासाठी नाही, हे आम्हांस मान्य आहे. तरीही देहाच्या अवलोकनाची साधना आपण सोडू नये, असे आमचे मत आहे.

मज्झिम निकायातील सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म अशी जागरूकतेची चार क्षेत्रे सांगितली आहेत. केस, नखे, दात, त्वचा असे देहाचे घटक पाहताना तेथे एक दृष्टान्त येतो. दोन्ही बाजूंस तोंड असलेल्या पिशवीत साळ, मूग, तीळ असे मिश्र धान्य आहे. डोळस मनुष्य ती उघडून एकेक धान्य ओळखतो. आपल्या मार्केट यार्डात व्यापारी ज्वारीची मूठ तळहातावर पसरून पाहतो. किडका दाणा दिसला म्हणून तो दाण्यावर चिडत नाही. दाणा कसा आहे, एवढेच पाहतो. देहाकडे असे पाहावयाचे.

वेदना या शब्दापाशी मराठी माणसाची गल्लत होते. आपल्याला दुखणेच आठवते. पालीत सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशी प्रत्येक संवेदना ही वेदनाच. तळव्याची खाज, मांडीला आलेल्या मुंग्या, वैशाखातील दुपारी पाठीवरून ओघळणारा घाम, सारे त्यात आले.

पद्धत साधी आहे. पाठ सरळ ठेवून बसावे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावे अथवा उताणे निजावे. काही वेळ श्वास पाहावा. मग टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत लक्ष सावकाश खाली न्यावे व तसेच वर आणावे. जे जाणवेल ते पाहावे. काही न जाणवल्यास क्षणभर थांबून पुढे जावे.

आपल्याकडे ही पद्धत ज्यांच्यामुळे पुन्हा रुजली ते दिवंगत सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात (आजचा म्यानमार) जन्मलेले उद्योजक होते. तीव्र अर्धशिशीने गांजून ते १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. सरकारी हिशेब सांभाळणाऱ्या नोकरदाराने साधना शिकवावी, याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. 'केवळ डोकेदुखी जावी म्हणून येऊ नका', असे त्यांनी गोएंकाजींना बजावले होते. १९६९ मध्ये गोएंकाजी भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहू लागले.

मग लाभ कोणता? संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांची उपमा आहे. पहिला बाण शरीरास लागतो. त्यावर आक्रोश आणि संताप करून अज्ञानी मनुष्य दुसरा बाण मनास लावून घेतो. साधना हा दुसरा बाण थांबविते. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखण्याने पिडलेल्यांना असेच देह-अवलोकन शिकविण्यास आरंभ केला. दुखणे राहिले तरी त्याचा जाच कमी होतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

आमचा अनुभव लहानसा आहे. महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शनरांची रांग आणि संगणक बंद पडलेला. एक वृद्ध गृहस्थ काउंटरवर हात आपटून आम्हांस नको ते बोलले. पूर्वी आम्ही वरच्या पट्टीत उत्तर दिले असते, दिलेही आहे. त्या दिवशी आधी कानशिले तापल्याचे व जबडा आवळल्याचे जाणवले. तेवढ्यात दिसले की बाबांचे हात थरथरत आहेत. त्यांना खुर्ची दिली. संगणक मात्र तासाभराने सुरू झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कचेरीत वा वसतिगृहात जातीचा टोमणा ऐकावा लागला, तर तो निमूट सोसा, असे ही साधना सांगत नाही. तो टोमणा आपल्या छातीत कोठे लागला हे ज्याला कळते, तो तारीख, वार, साक्षीदार नोंदवून तक्रार नीट लिहितो. हात उचलून बसला, तर फिर्यादीचाच आरोपी होतो. चळवळीला पहिला मनुष्य हवा आहे.

साधनेस औषध मात्र समजू नये. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नयेत. मानसिक आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून दहा दिवसांच्या शिबिरास जाऊ नये. विद्यार्थ्यांना रोज पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप येत नसेल, तर अंथरुणावरच पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करावी. गुडघ्यापर्यंत पोहोचण्याआधी डोळा लागला, तर लागू द्यावा.