मत्स्यालयातून नदीत : शोभिवंत माशांची निगा आणि सुटकेचा प्रश्न

सप्टेंबर २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेच्या पात्रात एक अनोळखी मासा जाळ्यात आला. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कठीण पट्टिका, डोक्याच्या खालच्या बाजूस चिकटून बसणारे वाटोळे तोंड आणि पाठीवर ताठ काट्याचा पर. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील शास्त्रज्ञांनी तो दक्षिण अमेरिकेतील सकरमाउथ कॅटफिश असल्याचे ओळखले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा समुद्र ओलांडून गंगेत पोहत येणे शक्य नाही. त्याचा मार्ग याहून पुष्कळ सोपा आहे : शोभिवंत माशांचे दुकान, दिवाणखान्यातील काचेची टाकी आणि शेवटी एखादा घाट किंवा नाला.

शोभिवंत माशांच्या निगेविषयी मराठीत बरीच माहिती उपलब्ध आहे. पाणी कसे बदलावे, खाद्य किती द्यावे, रोग कसा ओळखावा, हे सारे त्यात येते. नकोसा झालेल्या माशाचे काय करावे, हे मात्र सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करून निगेकडे यावयाचे आहे, कारण निगेतील बहुतेक चुकांचा शेवट याच प्रश्नापाशी होतो.

सकर मासा (प्रजाती टेरिगोप्लिक्थिस) दुकानात बोटाएवढा असताना विकला जातो. तो काचेवरील शेवाळ खरवडून खातो, म्हणून 'टाकी साफ करणारा मासा' अशी त्याची ख्याती आहे. तो दीड फुटापर्यंत वाढतो, हे ग्राहकास सांगितले जात नाही. पाण्यातील प्राणवायू कमी झाल्यास तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि जठराच्या साहाय्याने श्वसन करतो, त्यामुळे सांडपाण्यातही तग धरतो. नर मासा काठाच्या मातीत लांब बिळे खणतो व त्यांत अंड्यांची राखण करतो. अशा बिळांनी तलावांचे बांध पोखरले जातात. त्याचे काटे जाळ्यांत अडकतात, जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव मिळत नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ क्षेत्रातील मत्स्यशेतीत तो स्थिरावला आहे. महाराष्ट्रात उजनी जलाशयातील मच्छीमारांच्या जाळ्यांतही तो येत असल्याच्या बातम्या आहेत. पात्रात एकदा स्थिरावलेला मासा वेचून काढण्याचा व्यवहार्य उपाय आज कोणाकडेही नाही.

कीटकशास्त्रज्ञाने माशांविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे कारण असे की, परदेशी सजीव आपल्या भूमीत सोडणे हा आमच्या शाखेतील एक रीतसर व्यवसाय आहे. त्यास जैविक नियंत्रण म्हणतात. जलपर्णीच्या नियंत्रणासाठी निओचेटिना हे सोंडे भुंगेरे १९८० च्या दशकात भारतात आणले गेले. त्यांची लांबी जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर. तरीही त्यांना प्रथम विलगीकरणात ठेवले गेले, आपल्या पिकांवर ते जगतात काय याच्या चाचण्या झाल्या आणि त्यानंतरच ते मोकळे सोडले गेले. आजही असा एखादा कीटक आयात करावयाचा झाल्यास वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ नुसार परवाना घ्यावा लागतो. इतकी काळजी घेऊनही वाद टळतातच असे नाही. गाजरगवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगा (१९८४, बंगळूर) पुढे काही ठिकाणी सूर्यफुलाची पाने कुरतडताना आढळला, तेव्हा शास्त्रज्ञांमध्ये मोठी खळबळ उडाली आणि प्रश्नाची चौकशी करावी लागली. चार मिलिमीटरच्या कीटकासाठी एवढी खबरदारी, आणि फूटभर लांबीचा मासा मात्र प्लास्टिकच्या बादलीतून एका मिनिटात गंगार्पण होतो.

हौसेने आणलेल्या प्राण्याची किंमत शेतकऱ्यास कशी मोजावी लागते, याचे उत्तम उदाहरण शंखी गोगलगाय होय. ही पूर्व आफ्रिकेतील गोगलगाय १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखाभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि ती तेथील बागेत मोकळी झाली. त्यामागे हेतू वाईट नव्हता. परिणाम मात्र आज सर्वांसमोर आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत याच गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. अभ्यासकाची हौस आणि शेतकऱ्याची दुबार पेरणी यांत पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे. आजही काही हौशी मंडळी काचेच्या पेटीत मोठ्या परदेशी गोगलगायी पाळतात. कृषिक्षेत्रातील माणसाने तरी हा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बाबतीत आमची शाखाही निर्दोष नाही. डासांच्या अळ्या खाणारा गॅम्बुशिया मासा १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला आणि विहिरी, हौद व तलावांतून सर्रास सोडला गेला. तो अळ्या खातो हे खरे. परंतु त्याबरोबर इतर माशांची अंडी, पिल्ले आणि बेडकांची डिंबकेही खातो. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० आक्रमक सजीवांची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केली आहे, तीत गॅम्बुशिया आहे, शंखी गोगलगाय आहे आणि जलपर्णीही आहे. डासांसाठी गप्पी किंवा गॅम्बुशिया वापरावयाचेच असतील, तर ते नदी-नाल्याशी संबंध नसलेल्या बंदिस्त हौदापुरतेच ठेवावेत. नैसर्गिक तलावात आपले देशी लहान मासेही अळ्या खातात, हे आपण फार उशिरा लक्षात घेतले.

वाराणसीत या प्रश्नास आणखी एक पदर आहे. येथे गंगेत जीव सोडणे हे पुण्यकर्म मानले जाते. मासा मोठा झाला, टाकीत मावेना, की मनुष्य अपराधी भावनेने नव्हे, तर भक्तिभावाने घाटाच्या पायऱ्या उतरतो. त्याच्या श्रद्धेची थट्टा करण्याचे कारण नाही. पण गंगेतील जीवांस या सुटकेने काय मिळते, हेही पाहावे लागेल. टाकीतील मासा आपल्याबरोबर जीवाणू आणि परजीवी घेऊन जातो. उष्ण कटिबंधातील नाजूक मासे पहिल्याच थंडीत मरतात, म्हणजे त्यांची सुटका हा विलंबित मृत्यूच असतो. आणि जे मरत नाहीत, ते देशी माशांचे अन्न व जागा घेतात. दोन्हींपैकी एकही गोष्ट जीवदान म्हणता येण्याजोगी नाही.

कासवांच्या बाबतीत हा विरोधाभास अधिक ठळक होतो. गंगेच्या स्वच्छतेसाठी सारनाथ येथील केंद्रात देशी कासवांची पिल्ले वाढवून ती नदीत सोडली गेली. १९८९ मध्ये रामनगरचा किल्ला ते मालवीय पूल या सुमारे ७ किलोमीटरच्या पात्रात कासव अभयारण्यही घोषित झाले होते (२०२० मध्ये ते रद्द झाले). दुसरीकडे दुकानांतून रुपयाच्या नाण्याएवढे, गालावर लाल पट्टा असलेले अमेरिकन कासव विकले जाते. तेही वरील यादीत आहेच. योग्य निगा ठेवल्यास ते २० ते ३० वर्षे जगते आणि जेवणाच्या ताटाएवढे होते. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तलावात ते आढळले आहे. देशी कासव पाळणे तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हाच आहे. कासव हा मुलांना वाढदिवसाची भेट म्हणून देण्याचा प्राणी नव्हे.

आता निगेकडे वळू. प्राणी नकोसा होण्याची तीन कारणे मला वारंवार दिसतात : तो अपेक्षेपेक्षा मोठा होतो, टाकीतले सोबती मारतो, किंवा टाकी सतत गढूळ राहून घरच्यांना कंटाळा येतो. पहिल्या दोन कारणांचा उपाय खरेदीच्या वेळीच करावा लागतो. २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच अशा टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड वजा जाता ५० लिटरही उरत नाही. एवढ्या पाण्यात सकर, ऑस्कर, अरोवाना यांपैकी कोणताही मासा आयुष्य काढू शकत नाही. गोल्डफिशसुद्धा काचेच्या गोल भांड्यात ठेवू नये. तो भरपूर विष्ठा करणारा, एका हाताएवढा वाढणारा मासा आहे.

लहान टाकीसाठी गंगेच्या खोऱ्यातील मासेच उत्तम. झेब्रा डॅनिओ हा जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा मासा याच खोऱ्यातला आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगा व तिच्या शाखांतील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले. रोझी बार्ब, बुटका गुरामी आणि हनी गुरामी हेही येथलेच, दिसायला देखणे व आकाराने लहान. अर्थात देशी असले तरी टाकीत वाढलेले मासे नदीत सोडू नयेत. रोगाचा धोका तोच राहतो.

तिसरे कारण पाण्याचे. नवी टाकी भरून त्याच दिवशी दहा मासे सोडले जातात आणि आठवड्यात निम्मे मरतात. दोष दुकानदारास दिला जातो. वस्तुतः माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट व दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतो. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर व वाळूवर स्थिरावण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. शेतातील नत्राचे चक्र ज्यांस ठाऊक आहे, त्यांना हे नवे नाही. म्हणून सुरुवातीस दोन-तीनच मासे ठेवावेत, आठवड्यास पाव टाकी पाणी बदलावे, नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवून मगच ते वापरावे आणि स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळावा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे.

वाराणसीचे हवामान टाकीस अनुकूल नाही. जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांखाली उतरते, मे-जूनमध्ये दुपारी पारा ४० च्या पुढे असतो, तर उष्ण कटिबंधातील माशांना साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस पाणी लागते. हिवाळ्यात लिटरमागे १ वॅट या हिशेबाने हीटर ठेवावा. उन्हाळ्यात खरी अडचण उष्णतेपेक्षा प्राणवायूची असते. तापलेल्या पाण्यात तो कमी विरघळतो आणि नेमकी त्याच वेळी वीज जाते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्यावा.

माझ्या विषयाशी थेट निगडित असलेला एक इशारा येथे दिलाच पाहिजे. डास-झुरळांसाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक फवाऱ्यांत संश्लेषित पायरेथ्रॉइड असतात. माशांना ती अतिशय विषारी आहेत. लिटरमागे काही मायक्रोग्रॅमही पुरतात. हवेचा पंप खोलीतील हवाच पाण्यात सोडत असल्याने फवारणीच्या वेळी तो बंद करून टाकी ओल्या कापडाने झाकावी आणि खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच पंप सुरू करावा. पिंजऱ्यातील पक्षी तर दुसऱ्या खोलीतच न्यावेत. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरास आणि फिप्रोनिल सशास कधीही लावू नये. दोन्ही जीवघेणी ठरतात.

एवढे करूनही प्राणी ठेवणे अशक्य झाले, तर? प्रथम दुकानदारास किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी पालकास विचारावे. कासवाबाबत वन विभागास कळवावे. कोणीच न घेतल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने माशास वेदनारहित मरण देता येते. लवंग तेलाचा उपयोग त्यासाठी केला जातो. हे वाचताना कठोर वाटेल, पण पात्रातील हजारो जीवांचा विचार केल्यास ते कमी कठोर आहे. शौचालयात मासा सोडणे म्हणजे नाल्यावाटे वरुणेत किंवा गंगेत सोडणेच. टाकीतील वनस्पतीही पाण्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून कंपोस्टमध्ये घालाव्यात. बदललेले पाणी, त्यात औषध मिसळलेले नसल्यास, कुंडीतील मिरची-वांग्यास द्यावे. त्यातील नायट्रेट रोपांना उपयोगी पडते.

आमच्या घरीही एक सकर आहे. मुलीच्या हट्टापायी सहा वर्षांपूर्वी आणला, तेव्हा तो बोटाएवढा होता आणि त्याच्या वाढीविषयी मी विचारलेही नाही. दोन वर्षांत टाकीत त्याला वळता येईना. दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला. शेजारच्या वयोवृद्ध गृहस्थांनी अत्यंत आपुलकीने सुचवले, "गंगाजी में छोड़ दीजिए, डॉक्टर साहब, पुण्य होगा." त्यांना समजावून सांगण्यात एक संध्याकाळ गेली, त्यांना ते पटले की नाही, हे मला अजून कळलेले नाही. सध्या तो गच्चीवर ५०० लिटरच्या सिमेंटच्या टाकीत असतो. हिवाळ्यात टाकीवर गोणपाट आणि उन्हाळ्यात हिरवी जाळी घालावी लागते. पाणी बदलण्याचे काम मुलीकडे आहे आणि ते पाणी खाली दोडक्याच्या वेलास जाते.